खंडेनवमीला पुजलेली पाण्यातली स्कूटर

आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, कोल्हापुरात. विहिरीतल्या, बोअरमधल्या, नदीवरच्या, पाणी शिरून मेलेल्या मोटारी आमच्याकडं येतात. वायंडिंग मी करते, फिटिंग आमचे हे करतात, आणि गिऱ्हाइकावर ओरडायचं खातंही माझ्याकडंच. "ओरिंग बसवताना पुसली हुती का?" हे मी इतक्या जणांना झाडलंय की लोक दुकानाची पायरी चढतानाच "पुसली हुती, वैनी," म्हणून मोकळे होतात. ओरिंग म्हणजे झाकणाच्या खाचेतली रबरी कडी; तिच्यावर कचऱ्याचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. आणि आमची पाण्यातली स्कूटर बुडवली ती मीच.

पन्नाशीत आम्हाला समुद्राचा नाद लागला. लेक शिकायला बाहेर गेली, घर खायला उठलं, म्हणून मालवणकडं फिरायला गेलो आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं रीतसर शिकूनच परत आलो. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. आम्हाला आवडायचं ते किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणं. बोट नको, कुणाची वाट बघणं नको. पण ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पायातले पंख मारत लांब जाणं जमेना. अर्ध्या वाटेतच पोटरीत गोळा यायचा. माझा जीव टांगणीला लागायचा.

म्हणून स्कूटर घ्यायची ठरली. पुढं पंखा, मागं दोन मुठी; बटण दाबलं की माणसाला ओढत नेते. महिनाभर आमच्यात तीच चर्चा. छोटी मिक्सरएवढी, पण दोघांना ओढायची नाही. मोठी दणकट, पण वाळूतनं उचलून न्यायला दोन गडी लागतील. हे बॅटरी किती टिकते ते बघायचे, मी झाकण बघायची. शेवटी मधली घेतली, दोन ओरिंगांची. मुरगूडला माझ्या भावाच्या विहिरीत ती चालवून बघितली. अख्खी आळी काठावर गोळा. भाऊ म्हणतो, "दाजी, लोक हिरीला मोटर बसवत्यात, तुम्ही मोटरवर बसून हिरीत फिरताय व्हय!"

मग खंडेनवमी आली. दुकानातली सगळी हत्यारं, मशिनं पुसून मांडली. आमच्या घरात एक रीत आहे, सासऱ्यांपासूनची: मशिनची पूजा झाकणावरनं करायची नाही, उघडून आतल्या जिवाला हळदकुंकू लावायचं. मी स्कूटरचं झाकण काढलं, बॅटरीला बोट लावलं, झेंडूच्या चार पाकळ्या वाहिल्या, हात जोडले आणि पाकळ्या झटकून झाकण लावलं. ओरिंग पुसली नाही. देवाचं केलेलं पुसायचं कसं? आता पाण्यावर गेल्याशिवाय हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं.

आठवड्यानं किनाऱ्यावर गेलो. सकाळची वेळ, पाणी स्वच्छ. शिकवणाऱ्यानं आमच्याकडनं एक नियम घोकून घेतला होता: स्कूटरवर जाताना तेवढंच लांब जायचं, जेवढं स्कूटरशिवाय पोहत परत येता येईल. पण इतकं अलगद जायला मिळाल्यावर कुणाला नियम आठवतो? हे मुठी धरून पुढं, मी ह्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून मागं. खडक गेले, माशांचा थवा गेला. बॅटरीचा दिवा हिरवाच होता, तेवढ्यावर आम्ही निर्धास्त.

पंखा एकदम थांबला. ह्यांनी बटण दोनतीनदा दाबलं. काही नाही. मग स्कूटरचं तोंड खाली झुकलं आणि ती ह्यांना खाली ओढायला लागली. पाणी शिरलं होतं. ते मला लगेच कळलं. आयुष्य त्यातच गेलंय माझं. पाण्याखाली ओरडता येत नाही, तरी मी तोंडातल्या नळीतच ओरडले. नुसते बुडबुडे निघाले. ह्यांनी हाताच्या खुणेनं सांगितलं, थांब, श्वास घे. दोघांनी जॅकेटात थोडीथोडी हवा भरली आणि हळूहळू वर आलो.

वर येऊन किनारा बघितला. माडांची रांग बोटभर दिसत होती. ओहोटी लागली होती, आम्ही अजूनच आत चाललो होतो. ह्यांनी चार हात मारले आणि दात आवळून थांबले. पोटरी धरली होती.

"तू जा फुडं, मान्सं घिऊन ये," हे म्हणाले.

"गप्प पडा उताणं!" मी खेकसले. ह्यांना पाठीवर तरंगत ठेवलं, खांद्याचा पट्टा पकडला आणि पाय मारायला लागले. किनाऱ्याकडं सरळ जाता येईना, म्हणून तिरकं तिरकं खडकांच्या बाजूला सरकत राहिले. खाली ह्यांच्या कमरेला बांधलेल्या दोरीला स्कूटर मेल्यागत लोंबकळत होती. मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होते आणि त्याच दमात देवाला शिव्याही देत होते. मधेच हे बोलायचे बंद झाले. मी वळून बघायची, ह्यांचे डोळे उघडे आहेत का. चार पाय मारले की पुन्हा बघायची. लेकीला फोनवर काय सांगायचं, हेच डोक्यात घुमत होतं.

पायाला वाळू लागली तेव्हा मी तिथंच गुडघ्यावर बसले आणि रडले. आधी ह्यांच्या छातीवर दोन बुक्क्या हाणल्या, मग रडले.

बऱ्याच वेळानं ह्यांनी स्कूटर ओढून घेतली आणि झाकण काढलं. पिवळसर पाणी वाळूत सांडलं. दोन्ही ओरिंगांवर झेंडूची एक पाकळी आडवी चिकटलेली.

"अहो, हे माझ्यानं झालं," मी म्हटलं. "पुजेच्या वक्ताला मी झाकण काढलंतं."

"म्हाईत हाय मला. मी दारातच उभा हुतो."

"मग बोलला का न्हाईसा?"

हे पाकळी बोटानं सोडवत होते. "हितं आल्यावर काढून पुसावं म्हटलं हुतं. पर तू चिडली असतीस की."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हे खाली मान घालून पोटरी चोळत होते, आणि माझ्या आवाजाच्या आधीच त्यांचे खांदे आखडले.