रुमालाखालचे आकडे

रस्त्यावरून जनावरांचा टेम्पो गेला की त्या वासानं मला घोडेगावच्या शाळेत मी शिकवत असलेला दुसरीचा वर्ग आठवतो. बैलांच्या व्यापाऱ्याची शबाना फळ्यावरचे इंग्रजी आकडे काही केल्या म्हणत नव्हती. शेवटी तिचे वडील तिला न्यायलाच आले.

"बाई, हिला न्हाई जमत. घरीच राहू द्या."

शबानानं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून माझ्या हातावर टाकला. बैलबाजारात व्यापारी बोटं दाबून गुपचूप भाव सांगतात, तशी तिनं रुमालाखाली माझी पाच बोटं धरली. "फाईव्ह." मग तीनच दाबली. "थ्री."

"व्हय की, येतंय हिला! बसू द्या वर्गात."

माझा जीव भांड्यात पडला. आजही फळ्यासमोर कुणी गप्प उभं राहिलं, की मी खडू ठेवते आणि हात पुढे करते.