साडेतीन फूट पाणी

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून तर मी घरातल्या प्रत्येक नळाच्या आणि कडीच्या मागे लागलो होतो. त्यामुळे बायकोच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा मनीषनगरला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात मागच्या अंगणात हौद बांधूनही झाला होता. चालली तर ऑपरेशन टळेलही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला ऑपरेशनची धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर मला तिच्याहून जास्त.

पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ भर दुपारची. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडून कोण गुडघे बरे करणार? मी दुसऱ्याच दिवशी अंगणात चुन्याने बारा बाय आठचा चौकोन आखला आणि ठेकेदाराला बोलावलं. त्याने सव्वापाच लाख सांगितले. मी तीन ठरवले होते, तेही एफडी मोडून.

मग आठ दिवस माझी काटछाट चालली. सकाळी सातला फोन, दुपारी फोन, तो जेवत असेल तेव्हाही फोन. लोखंड कमी कर म्हटलं, तर तो वैतागला. ‘‘काका, लोखंडाले हात लावू नका. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात फुगली का भिंत चिरलीच समजा.’’ लोखंड राहिलं. दर आठवड्याला टँकर कुठून आणणार, म्हणून पाणी गाळायची मोटर राहिली. मग बाराचे दहा फूट केले, चार फूट खोलीची साडेतीन केली, दिवे काढले आणि बांधीव पायऱ्यांच्या जागी स्टीलची तयार शिडी घेतली. निळ्या टाइल्स मात्र ठेवल्या, कारण शेजाऱ्यांना त्यांच्या गच्चीवरून त्या दिसल्या पाहिजेत, असं मला वाटत होतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी तीन लाखांत बसवलेल्या हिशेबाचा कागद विजयी चेहऱ्याने बायकोपुढे ठेवला. ती वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. तिने कागद शेवटपर्यंत वाचला.

‘‘या शिडीवरून मी उतरीन कशी?’’

तीनच तर दांड्या आहेत, मी धरीन, असं मी म्हणालो. थोडा चिडूनच म्हणालो. आठ दिवस हिच्यासाठी जीव काढला आणि हिला शिडी खुपते! ती वाद घालत बसली नाही. उठली, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात गेली. तिथून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत.

‘‘पाहून राहिले ना?’’ असं म्हणून ती उतरू लागली.

आधी ती आडवी वळली. दोन्ही हातांनी चौकट धरली. डावा पाय खाली टेकवला, उजवा त्याच्या शेजारी आणला, थांबली, श्वास घेतला. मग पुढची पायरी. चौकटीवरून हात सुटल्यावर भिंतीला धरलं. तीन पायऱ्यांना किती वेळ लागला!

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. कुठेही जायचं म्हटलं की मी आधी गेटबाहेर, आणि तिथून हाक, ‘‘चाल वं लवकर.’’ ती पायऱ्या कशी उतरते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला फार लाज वाटली.

टेप आणून मी पायरी मोजली. सात इंच. तिला झेपतील पाच, तेही हाताला कठडा असेल तर. कागदावरच्या निळ्या टाइल्स खोडल्या, साधं सिमेंट लिहिलं, बारा फूट परत आणले. तरी आठ पायऱ्यांनी जवळजवळ सात फूट खाल्ले. चालायला उरले पाच. डॉक्टर याला चालणं म्हणतील का, कोण जाणे. मी चाचरतच तिला सांगितलं.

‘‘बस झाले. मले का पोहत काटोलले जायचं आहे?’’

ती घरात जायला वळली. मी पायऱ्यांपाशी, तिच्या वाटेतच उभा होतो. ‘‘तुम्ही व्हा पुढं, मले वेळ लागते,’’ ती म्हणाली.

मी बाजूला झालो आणि तिला पुढे जाऊ दिलं. पहिल्या पायरीवर तिने थांबून मागे पाहिलं. मी अजून मागेच आहे, हे तिला खरं वाटत नव्हतं.