पळसाच्या पानांचा रामदास

गावच्या शाळेत रामदासचा फोटो काचेमागे आहे. पंधरा ऑगस्टला मुले त्याला सलाम करतात. तो बंद दाराच्या खोलीत बसत नसे, हे त्यांना ठाऊक नाही.

तेव्हाच्या चांद्यात वसतिगृहाच्या एका खोलीत तो आणि मी राहत होतो. ऐन थंडीतही तो दाराला वीट लावून ठेवी. मी रागावलो की म्हणे, “भाऊ, तू गोधडी घे. दार लावलं का मले कोंडल्यावानी होते.”

तो मूल गावाजवळच्या ढिवर कुटुंबातला. वडील गावच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, मासे धरीत. दार न लावणारा हा मुलगा वायुदलात गेला आणि बाँबफेकी विमानात नेव्हिगेटर झाला. नकाशा मांडून अरुंद जागेत बसायचे, वाट सांगायची. वडील हसत, “आमी मासे कोंडतो, अन् हा सोताले कोंडून घेते!”

“बा, मासोळीले वाट ठाऊक नसते. मले असते.”

एकाहत्तरच्या युद्धात त्याचे विमान परतले नाही. पुढे तो मृत असल्याचे कळवण्यात आले. देह मिळाला नाही. अशा वेळी पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. वडिलांनी नकार दिला. “बोडीत बुडालेला माणूसबी सापडल्याबिगर आपण जाळत नाई. जाळं टाकत राह्यतो.”

त्या नकारात रामदासची पत्नी सुमन अडकली. सणाला तिला सवाष्ण म्हणून कोणी बोलवीना. कुंकू पुसण्याचीही मुभा नव्हती. दुसरे घर करून देण्यासाठी तिचा भाऊ न्यायला आला, तर सासरे म्हणाले, “पोरगा जित्ता असन तर?” भाऊ परत गेला.

काही वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा म्हातारे ओट्यावर जाळे विणत होते. सासऱ्यांपुढे कधी न बोलणारी सुमन दारात येऊन म्हणाली, “मामाजी, त्याहिले बंद दार खपत नव्हतं. तुमी त्याहिले काऊन कोंडून ठेवलं?”

म्हातारे जाळे बाजूला ठेवून उठले. मग कोयता घेऊन पळसाकडे गेले.

तलावाच्या काठावर पुतळा त्यांनीच जाळ्याच्या सुताने बांधला. पुरोहित म्हणाले, “गाठ आवळा, पाने सुटतील.” जन्मभर गाठी आवळलेले हात थांबले.

“नाई महाराज. ढिलीच राहू द्या. त्याले कोंडल्यावानी होते.”

सुमन भावाबरोबर गेली. म्हाताऱ्यांनी तिच्यामागे दार लावले नाही. वीट लावून उघडेच ठेवले.