अण्णांचा माठ आणि जुने निकाल

विलायतेत कायदा शिकून मी हिंगोलीला परतले आणि कायद्याचा वर्ग सुरू केला, तेव्हा वाटलं होतं, आपल्या वर्गात ज्ञानासाठी आसुसलेले चेहरे असतील. होते ते डोळे बारीक करून बघणारे! असल्या माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात.

फ्रान्समधला वकील आधी कलम शोधतो, इंग्लंडमधला आधी जुना निकाल, असं मला शिकवलं होतं. माझा वर्ग फ्रान्स न बघताच पक्का फ्रेंच होता. काहीही सांगा, उत्तर एकच, "कलम दाखवा!"

*

जुना निकाल पुढच्या कोर्टाला बांधतो, असं मी शिकवलं. सेनगावचे कापडवाले युसूफभाई उठले.

"मॅडम, तो जज जिता आहे का?"

"नाही. कधीच वारला."

"मेला, तरी त्याचा हुकूम चालून राहिला? आमच्याकडं तहसीलदार बदलला तरी हुकूम बदलतो!"

*

मग मी लंडनच्या एका बाईचा पडक्या भिंतीचा खटला सांगितला. कुरुंद्याच्या हळदवाल्याच्या पोरानं हात वर केला. "ती बाई साक्षीला हिंगोलीत येईल काय?"

*

अण्णा म्हणजे कोर्टात साहेबांपुढं फायली ठेवणारे निवृत्त पेशकार, वर्गातले सर्वांत वडील. त्यांचा संशय अनुभवाचा. "बाई, मी लय साहेब पाहिलेत. उपाशी असले की सजा वाढायची. तुमच्या निकालात साहेब जेवले होते का, ते लिहिलंय?"

*

डोंगरकडा गावच्या सुमेधचा प्रश्न मात्र कोणाला हसू आणणारा नव्हता. एस्टीनं रोज पहाटे निघून येणारा हा माझा सर्वांत हुशार विद्यार्थी.

"मॅडम, मागं झालं तेच पुढं चालवायचं, हाच कायदा? मग आमचं कसं? कलमात निदान आमचं नाव तरी आहे."

मी बरंच बोलले. त्याला पटलं नाही, हे मला दिसत होतं.

*

वर्गातल्या माठातलं पाणी अण्णा ओगराळ्यानं प्रत्येकाच्या पेल्यात ओतायचे. सुमेध बाहेरच्या हापशावर जायचा. काहून, ते कोणी विचारत नव्हतं.

एकदा मी खोटं कोर्ट भरवलं. न्यायाधीश अण्णा. सुमेध उभा राहिला.

"पहिल्या दिवशी मॅडमला ठसका लागला. मी याच माठातून, याच ओगराळ्यानं पाणी दिलं. मॅडम प्याल्या, मागून तुमी समदे प्यालात. कोणी हरकत घेतली न्हाई. हा जुना निकाल. मग आता मला हापसा काहून?"

अण्णांनी चष्मा पुसला.

"त्या दिवशी मी गैरहजर होतो. एकतर्फी निकाल. रद्द!"

काय हशा पिकला! सुमेधनं पिशवी उचलली. "उद्या तुमचं पुस्तक आणून देतो, मॅडम. मग येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि माठ उचलून माझ्या टेबलावर ठेवला. सुमेध पुस्तक घेऊन आला, त्याला परत जाऊ दिलं नाही. सगळे जमल्यावर हजेरी घेतली.

"अण्णा?"

"हजर!"

मी माझा पेला पुढं केला. "सुमेध, ओगराळं घे. आधी मला, मग अण्णांना."