दहा मीटरला एक किलो

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाच हजार लिटरची काळी टाकी बसली, त्या दिवशी तिच्यापुढे नारळ मी फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात फुटला तेव्हा पाणी टाकीऐवजी माझ्याच सदऱ्यावर उडालं. पण माझी चूक ती नव्हे. चूक टाकीची होती. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही अशी तक्रार होती, आणि टाकी मोठी घेतली की जोर आपोआप वाढेल, असा शोध मी सेक्रेटरी या नात्याने लावला होता. मी हायस्कूलला इतिहास शिकवतो. मोठं सैन्य म्हणजे मोठा जोर, एवढंच मला माहीत. (इतिहासातसुद्धा हे दर वेळी खरं ठरलेलं नाही, पण सभेत ते आठवलं नाही.)

पेढे वाटले गेले. चौथ्या मजल्यावरचे बागूल आप्पा तेवढे टाकीभोवती फिरत होते. त्यांनी खिशातून टेप काढला, बाजूला काढून ठेवलेली जुनी टाकी उभी मोजली, नवी मोजली, आणि पेढा हातात तसाच धरून मला म्हणाले, "सर, पानीले रुंदी समजत नही. उंचीच समजस."

आप्पा नामपूरकडचे. इथे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण मनापासून काही सांगायचं झालं की तोंडात अहिराणीच यायची. मला अहिराणी अर्धी कळते. त्या दिवशी त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं, हा भाग वेगळा.

"आप्पा, पाच टन पाणी आहे वर," मी म्हणालो. "एवढं वजन आल्यावर नळ कसा गप्प बसेल?"

"वजन स्लॅबवर आलं, सर. नळावर नाही आलं."

सगळे हसले. कोणाला हसले, ते मी नीट पाहिलं नाही. जुनी टाकी उंच आणि सडपातळ होती; नवी बुटकी आणि ढेरपोटी, म्हणजे साधारण सेक्रेटरीसारखीच.

दिंडोरीकडच्या वायनरींमध्ये स्टीलच्या उंच टाक्या असतात ना, तशा टाक्या आप्पांच्या कारखान्यात बनत. टाकी तयार झाली की ती पाण्याने भरायची, पंपाने दाब चढवायचा आणि कुठे पाझरते का ते बघायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी दाब मोजायचं ते घड्याळासारखं गेज शर्टाच्या खिशातून गेलं नाही. कोणाकडे गेले की पाहुणे पाणी मागतात; आप्पा नळ मागत. सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा सरळ स्वयंपाकघरात गेले, आमच्या नळाला एक रबरी तुकडा लावला, त्यावर गेज बसवलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "नऊशे ग्रॅम. सुखी घर शे." सुनंदाला इतका आनंद देणारं प्रशस्तिपत्र माझ्याकडून लग्नानंतर मिळालेलं नसावं.

त्यांचा एकच मंत्र होता. "दहा मीटरला एक किलो. देव उना तरी सूट नही." म्हणजे देव आला तरी नियम तोच: नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत उभं अंतर मोजा, दहा मीटर असेल तर नळाच्या तोंडाशी दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब. पाच मीटर असेल तर अर्धा. टाकी गोल आहे का चौकोनी, देवळाएवढी आहे का डब्याएवढी, ह्याच्याशी पाण्याला कर्तव्य नाही.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कारण टाकीच्या वर्षभर आधी मीच आप्पांना शाळेत बोलावलं होतं. नववीच्या वर्गात त्यांनी एक घागर आणि एक काचेची बारीक नळी खालून रबरी नळीने जोडली आणि घागरीत पाणी ओतलं. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येऊन थांबलं. "बघा पोरांनो, घागर एवढी मोठी, पण ती नळीला दाबत नाही. दोघं बरोबरीचे." मग फळ्यावर टाकीचं गोल झाकण रेखाटलं. "चाळीस सेंटिमीटर रुंद. आत दाब दोन किलो. झाकणावर जोर किती?" पोरांनी क्षेत्रफळ काढलं, दोनने गुणलं, अडीच हजारांच्या वर उत्तर आलं. "अडीच टन! म्हणजे कांद्याने भरलेला पिकअप त्या झाकणाला आतून ढकलतोय, आणि बाहेरून एखादा शहाणा पाना घेऊन बोल्ट सोडतोय. का, तर दाब दोनच किलो आहे म्हणे. दोन किलो म्हणजे काय वांगी वाटली का?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. मी मागच्या बाकावर बसून वह्या तपासत होतो.

नवी टाकी बसल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या दारात कागद येऊ लागला. जुन्या कॅलेंडरचं पान, पाठीमागे आप्पांचं कोरीव अक्षर. मी तो पहिल्या ओळीपर्यंत वाचायचो. पहिली ओळ "मा. सेक्रेटरी यांस" अशी असे. मग फाइलला लावायचो. जिन्यात गाठ पडली की आप्पा विचारत, "सर, वाचलं का?"

"वाचतोय, आप्पा."

"गणित बरोबर शे ना?"

"तुमचं गणित चुकेल का?"

"मंग झालं," ते म्हणत आणि समाधानाने वर जात. हिशेब बरोबर असला की माणसं त्याप्रमाणे वागतात, असा त्यांचा समज होता. कारखान्यात तो खरा ठरला असेल.

मला एवढं कानावर होतं की त्यांना टाकी उचलून दहा फुटी लोखंडी स्टँडवर हवी आहे. पण स्टँड करायचा म्हणजे टाकी चुकली हे सभेपुढे कबूल करायचं. म्हणून "पुढच्या सभेत घेऊ" हे मी पाच वेळा म्हणालो. घरी तर मी असंही म्हणालो, की या वयात माणसाला शॉवरची एवढी हौस कशाला. सुनंदा म्हणाली, "त्यांनाच विचारा की." मी विचारलं नाही.

आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. चौकशी सगळेच करत. "काकू बऱ्या आहेत ना, आप्पा?" "बरी शे." तिथे विषय संपायचा.

एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत असताना वर काहीतरी धाडकन पडलं आणि पाठोपाठ बादली घरंगळल्याचा आवाज आला. सुनंदा हातातलं पीठ न धुता वर धावली. मी चपला शोधून पोचलो तोवर ती आत होती. बाथरूमच्या दारात आप्पा ओल्या फरशीवर बसले होते, डावा हात उजव्या मनगटाखाली धरून. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकू, केसांत शिकेकाईचा फेस तसाच. "तुम्ही इकडे येऊ नका," म्हणून सुनंदाने दार लोटलं.

मी आप्पांना पुढच्या खोलीत आणलं. रिक्षा येईपर्यंत ते मला पडल्याचं कारण समजावून देत होते, जणू कारखान्यात चौकशी चालू आहे. "स्टूल सरकला. काही नही व्हयनं."

"पण स्टुलावर चढलात कशाला?"

तेव्हा कळलं. बाथरूमच्या माळ्यावर त्यांनी एक बादली बसवली होती. तिच्या बुडाला नळी आणि नळीच्या टोकाला शॉवरची चाळणी. रोज सकाळी गॅसवर पाणी तापवायचं, ते स्टुलावर चढून माळ्यावरच्या बादलीत ओतायचं, की खाली काकूंच्या डोक्यावर धार. वय वर्षं बहात्तर.

"तांब्याने घालून चालत नाही का?" मी अजूनही विचारतच होतो.

"दचकती, सर. एका अंगाला पाणी पडल्याचं कळतच नाही, दुसऱ्या अंगाला एकदम कळतं. मग घाबरून रडती. एकसारखं पडलं की काही नाही." पुढे म्हणाले, "आधी गिझरवर भागायचं. गॅस गिझर आहे तो, पाण्याला जोर असला तरच पेटतो. सकाळी टाकी भरलेली असली की पेटायचा."

"मग बंद कधी पडला?"

त्यांनी मनगटाकडे बघितलं. "जुनी टाकी होती तोवर चालला."

हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. दुपारी मी फाइल काढली आणि ते सगळे कागद पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. प्रत्येकात तेच होतं. जुनी टाकी भरलेली असताना बाथरूमच्या नळापासून पाण्याची उंची तीन मीटर, दाब तीनशे ग्रॅम. नवी भरलेली असताना सव्वादोन मीटर, दाब सव्वादोनशे. गिझरला किमान तीनशे. स्टँडने तीन मीटर वाढतील, दाब पाचशेच्या वर जाईल. तरी विनंती. खाली सही. काकूंचा उल्लेख एकाही कागदात नव्हता. मी पेढे वाटून त्या बाईचं पंचाहत्तर ग्रॅम पाणी काढून घेतलं होतं.

पुढचे पंधरा दिवस सुनंदा रोज सकाळी वर जात होती. मग नामपूरहून पुतण्या गाडी घेऊन आला. तिथे तळमजल्याचं घर होतं आणि मळ्यातली टाकी चांगली उंचावर होती. निघताना आप्पा गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत मला म्हणाले, "स्टँड करा मात्र, सर. पुढे जो राहायला येईल त्याला."

स्टँड आठ दिवसांत झाला. ज्या सभेला मी वर्षभर भीत होतो, ती दहा मिनिटांत आटोपली. टाकी कोणी सुचवली होती, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी एका शनिवारी मी एसटीने सटाण्यामार्गे नामपूर गाठलं. आप्पा अंगणात बसून कांदे निवडत होते. हात सुटला होता, पण मूठ पुरती वळत नव्हती. मी एसटीत पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "आप्पा, टाकी चुकली ती माझ्यामुळे. तुमचे कागद मला मिळत होते. मी वाचले नव्हते."

त्यांचा हात थांबला. "एकही नही?"

"एकही नाही."

पडण्याचं त्यांना एवढं लागलं नसेल. ते हातातल्या कांद्याची सालं काढत राहिले. "मंग गणित कोणी तपासलंच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "जाऊ द्या, सर. मीबी नुसते आकडे लिहीत बसलो. तिच्याबद्दल लिहायची लाज वाटली. बाईमाणसाच्या अंघोळीचा अर्ज सोसायटीला कसा करायचा?"

आतून काकूंचा आवाज आला, जड आणि सावकाश. "कोन शे?"

"नाशिकना सर उनात," आप्पा ओरडून म्हणाले, आणि मला म्हणाले, "चहा घेऊन जा."

चहा झाला. त्यांनी मला मळ्यातली टाकी लांबूनच बोटाने दाखवली, उंची सांगितली, दाब मला काढायला लावला. माझं उत्तर पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. उठताना त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि पिशवीभर कांदे दिले. परतीच्या एसटीत मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. सटाणा कधी गेलं ते कळलंही नाही.

घरी आल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. आप्पांचा मोठेपणा सांगितला, माझं धाडसही थोडं वाढवून सांगितलं. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती.

"काकूंना काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काकू आत होत्या."

तिने विळी आडवी केली.

"आप्पांची माफी मागून आलात," ती म्हणाली. "अंघोळ कोणाची अडली होती?"