सोयरिकीत माह्या शब्दाची सही

बायांनो, आज दुपारी माह्या लहान बहिणीच्या घरी पाहुणे आले होते. तिच्या पोराची सोयरीक जुळून राह्यली होती. पोरीचा बाप ऊर्जानगरात क्लार्क आहे.

चहा झाला अन् थो माह्याकडं वळला. "बाई, तुम्ही पोराची मावशी. तुम्ही एन्डॉर्स केलं की आम्ही पक्कं समजतो."

"भाऊ, मराठीत बोला. मी दुसरी नापास आहो."

थो हसला. "म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर सही करून, हे खरं आहे, मी जबाबदार, असं सांगणं. इथी कागद नाई. तुमचा शब्दच सही."

बहिणीनं माह्या मांडीले चिमटा काढला. "हो म्हणून टाक ना वं," कानात म्हणे. तिच्या दंडावर परवाच्या माराचा वळ होता, पदरानं झाकलेला. मारणारा समोरच बसला होता, नवा शर्ट घालून, माह्यावर डोळे वटारून.

मी म्हटलं, "पोरगा कामाचा आहे. पण पिल्यावर हात उचलते, आईवरही. त्याच्यासाठी माही सही नाई."

पाहुणे उठले. पोरगा पाय आपटत बाहेर गेला.

बहीण म्हणे, "तू बहीण नाई, वैरीण आहेस."

"हो म्हटलं असतं तर या घरात एकीच्या जागी दोघींनी मार खाल्ला असता," मी म्हटलं. तिनं माह्या तोंडावर दार लावलं. आता फोनही उचलत नाई.

तुम्हीही कोणाच्या ना कोणाच्या सोयरिकीत हो म्हटलंच असन. थ्या पोरी आता कशा आहेत, जाऊन पाह्यलं काय?