मोहरीएवढी केशरी बशी

समुद्राखालोखाल मुंबईत विपुल आणि विनामूल्य मिळणारी वस्तू म्हणजे जनावरांची विष्ठा, आणि तिच्याकडे आदराने वाकून पाहणारा एकच मनुष्य या शहरात होऊन गेला, तो म्हणजे माझे आतोबा. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरीसाठी कोकणातून आलो तेव्हा गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मला आसरा मिळाला आणि सात वर्षे मी त्यांचे अन्न खाल्ले. लालबागच्या एका गिरणीत ते तयार कापड तपासत. पावसाळ्यात ताग्यांवर बुरशीचे ठिपके पडत. इतर तपासनीस असा तागा बाजूला फेकीत. आतोबा भिंग लावून त्या ठिपक्यांशी ओळख वाढवीत. ही ओळख कापडावरून भिंतीवर, भिंतीवरून भाकरीवर आणि शेवटी शेणावर गेली, आणि तेथे त्यांना आपले खरे गणगोत भेटले. "कापडावरची बुरशी म्हणजे वाट चुकलेली," ते सांगत. "तिचं माहेर इथं आहे."

'शेण' हा शब्द सरसकट वापरलेला त्यांना खपत नसे. शेण गाईम्हशींचे, लीद घोड्याची, लेंड्या शेळ्यामेंढ्यांच्या. ज्याला एवढे कळत नाही त्याने स्वतःला शिकलेला म्हणवून घेऊ नये. मिठाईवाल्याकडून आणलेल्या काचेच्या घुमटीखाली, ओल्या टीपकागदावर ते हा ऐवज मांडीत आणि पंचांग पाहावे तसे रोज पाहत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशीच्या पारदर्शक दांड्यांवर काळ्या टोप्या उगवत आणि उजेडाच्या दिशेने तडातड उडत. दहा-बारा दिवसांनी मोहरीएवढ्या बश्या येत. शेवटी नखाएवढ्या छत्र्या उघडत आणि संध्याकाळपर्यंत शाई होऊन गळून जात. "लग्नातल्या पंगती आहेत या," आतोबा म्हणत. "पहिली उठल्याशिवाय दुसरी बसत नाही." आत्याचेही एक स्वतंत्र वर्गीकरण होते. गाईचे शेण थेट घरात, म्हशीचे उंबऱ्यापर्यंत, आणि उरलेल्या प्राणिसृष्टीला जिना. "गाईचं असेल तर आत या, नाहीतर तिथंच बसा," असे ती दारातूनच बजावी, आणि सत्यप्रिय आतोबा कित्येक संध्याकाळी जिन्यात बसून चहा पीत. पुढे उजेड फक्त आमच्याच खिडकीत चांगला आहे हे पटल्यावर तिने लिदीलाही एका अटीवर आत घेतले: आपण घरात असताना काच उचलायची नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोर्चा अडवला गेला, घोडेस्वार पोलीस आले आणि माणसे मिळेल त्या दारात शिरली. आतोबा मात्र उलथने आणि कडीचा डबा घेऊन उलट दिशेने निघाले.

"अहो काका, मागे फिरा! घोडे येतायत!" एक कार्यकर्ता ओरडला.

"येऊ देत, जाऊ देत. मग माझं काम."

आठवड्याने चौकातल्या सभेत एका वक्त्याने 'घोडदळाला एकट्याने सामोरे गेलेले आपले वडीलधारे' असा त्यांचा गौरव केला. टाळ्या चालू असतानाच आतोबा उभे राहिले. "एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "सामोरा नाही, मागोमाग." टाळ्या दुप्पट झाल्या. लोकांना तो विनय वाटला.

त्याच डब्यातल्या लिदीवर बाराव्या दिवशी केशरी बश्या दिसू लागल्या; कडेला पापणीसारखे केस, आणि तेही टोकाशी दुभंगलेले. अशी बशी त्यांच्याजवळच्या कोणत्याही ग्रंथात नव्हती. बारा वर्षांत ती त्यांना दोनदाच दिसली होती, दोन्ही वेळा लिदीवरच, आणि दोन्ही वेळा पिकण्याआधी वाळून गेली होती. "घोड्याशिवाय ती दुसरीकडे येत नाही," हा त्यांचा सिद्धांत एका जाड वहीत सिद्धतेची वाट पाहत होता. "रविवारी पिकेल," ते मला म्हणाले, आणि इतक्या हळू म्हणाले, की जणू तिला ऐकू जाऊ नये.

त्या शनिवारी दादरहून मुलीचे वडील माझे स्थळ पाहायला यायचे होते. आतोबा गिरणीत होते, आत्या नारळ आणायला खाली उतरली होती. ती घुमटी त्या पाहुण्यांच्या दृष्टीने मी पाहिली आणि मला लाज वाटली. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या लाजेचीच लाज वाटते, पण तेव्हा मी तो सारा ऐवज गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यात उपडा केला, वर माती ओढली आणि काच धुऊन पालथी घातली. पाहुणे येऊन बसले. आत्या आत पोहे परतत होती. एवढ्यात आतोबा दारात उभे राहिले. अंगावर सुताची पांढरी कुसे, हातात डबा, आणि डब्याला त्याचा तो वास.

"हे कोण?" मुलीच्या वडिलांनी विचारले.

"शेजारचे आहेत," मी म्हणालो. "यजमान गिरणीतून यायचेत अजून."

आतोबांनी माझ्याकडे पाहिले. मग ते हसून म्हणाले, "हो, हो. शेजारचाच. चालू दे तुमचं." आणि पाहुणे जाईपर्यंत जिन्यात बसून राहिले. ते स्थळ पुढे पत्रिकेवरून फिसकटलेच. रिकामी घुमटी पाहून आतोबांनी एवढेच विचारले, "इथं काय झालं रे?" मी म्हणालो, "मांजर आलं असेल." त्यानंतर दोन दिवस ते भिंग घेऊन चाळीतल्या मांजराच्या मिशा तपासत होते.

दोन आठवड्यांनी सकाळी आत्याने गॅलरीतून हाक मारली. "अहो, इकडे या आधी! तुळशीत हे बघा काय उगवलंय, केशरी!"

आतोबा अर्धी दाढी तशीच ठेवून धावले. बश्या पिकल्या होत्या, शंभरावर होत्या. आत्याच्या रोजच्या तांब्याभर पाण्यावर त्या पोसल्या होत्या. चोरबाजारातून आणलेला पितळी सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला गेला, चित्रे काढली गेली. आणि मग, आनंद ओसरायच्या आतच, आतोबांनी ती जाड वही पुढे ओढली. तुळशीला आत्या गवळ्याकडचे शेण घालीत असे. "म्हणजे ही गाईच्या शेणावरही येते," ते शांतपणे म्हणाले. "बारा वर्षं मी चुकत होतो. चुकलं तर खोडावं." त्यांनी टाक शाईत बुडवला.

एक रेघ, आणि माझ्या खोट्यापायी एका माणसाचे एकुलते एक सत्य पुसले जाणार होते. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. मी त्यांचा हात धरला.

"आतोबा, खोडू नका. ती लीद मीच तिथं टाकली. त्या शनिवारी."

आतोबांनी टाक खाली ठेवला.

"म्हणजे मांजर निर्दोष?"

"हो."

"आणि तुळशीत आहे ती लीद? मोर्चाच्या घोड्यांची?"

"हो."

आतोबा उठले, गॅलरीत गेले आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "घोड्याचीच! मी म्हणत होतो ना, घोड्याचीच!" खालून कोणीतरी सवयीने "विजय असो!" म्हणाले.

"थांबा," आत्या म्हणाली. "म्हणजे माझ्या तुळशीत घोड्याची लीद? आणि मी पंधरा दिवस प्रदक्षिणा घालतेय?" तिने कपाळाला हात लावला, क्षणभर विचार केला, आणि धर्मशास्त्रात स्वतःची भर घातली. "जाऊ दे. तुळशीनं पोटात घेतलं ना, मग शुद्धच."

मी क्षमा मागू लागलो, तर आतोबांनी मला पुरते बोलूही दिले नाही. "अरे, काचेखाली दोनदा वाळली ती. तिला माती हवी होती, हे मला कुठं ठाऊक होतं? तू टाकली नाहीस. पेरलीस." 'शेजारचे' या शब्दाविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत, आणि मीही नाही.

वाळवलेले नमुने परदेशातल्या एका तज्ज्ञाकडे गेले. दोन-तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली, आणि मराठी राज्य झाले त्याच आठवड्यात अखेरचे पत्र आले: ही जात आजवर कोणी नोंदलेली नाही, आपण नाव द्यावे. त्या संध्याकाळी गिरगावात घरोघरी कंदील लागले होते, आणि त्यांतले निदान निम्मे तरी आपल्या बशीसाठी आहेत असे आतोबांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. त्यांनी लॅटिनमध्ये 'गिरगावची' अशा अर्थाचे नाव दिले. आत्याने पेढे वाटले. "आमच्या तुळशीत सापडली," ती प्रत्येक दारात सांगत होती. लिदीचा उल्लेख तेवढा तिने गाळला.

आता ती दोघेही नाहीत. त्यांच्या नमुन्यांच्या पेट्या माझ्याकडे आहेत. जुन्या वर्तमानपत्रांची शेकडो पाकिटे, प्रत्येकावर कापडाच्या चिठ्ठीवर असावे तसे सुबक अक्षर. त्या केशरी बशीच्या पाकिटावर लिहिले आहे: 'ठिकाण: गिरगाव, तुळशीचा डबा. कशावर: घोड्याची लीद. जमवणारा: स्वतः. पेरणारा: हिचा भाचा.' त्यातल्या 'हिचा'वर आडवी रेघ आहे, आणि वर बारीक अक्षरात 'माझा'.

दुसऱ्या कोणत्याही पाकिटावर आतोबांनी खाडाखोड केलेली नाही. मी सगळी पाहिली.